विंडोज एक्सपीचा सपोर्टकाळ

मायक्रोसॉफ्टची विंडोज एक्सपी ही ऑपरेटिंग सिस्टीम २५ ऑक्टोबर २००१ रोजी विक्रीला आली आणि ८ एप्रिल २०१४ रोजी तिचा सपोर्ट, म्हणजे कंपनीकडून दुरुस्त्या मिळणे, अधिकृतपणे संपला. या साडेबारा वर्षांपैकी शेवटची सात वर्षे तिची वारसदार विंडोज व्हिस्टाही वापरात होती. नव्या आवृत्तीबरोबर जुनी किती काळ सांभाळायची, याचे सर्वांत गाजलेले उदाहरण एक्सपीचे आहे.

मायक्रोसॉफ्टच्या तेव्हाच्या धोरणात सपोर्टचे दोन टप्पे होते. पहिल्या, मुख्य टप्प्यात दोषदुरुस्तीबरोबर नव्या सुविधाही मिळत. दुसऱ्या, विस्तारित टप्प्यात फुकट मिळत ते फक्त सुरक्षेचे पॅच, म्हणजे दोष बुजवणाऱ्या छोट्या दुरुस्त्या, दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी. एक्सपीचा मुख्य टप्पा १४ एप्रिल २००९ ला संपला. व्हिस्टाचा मुख्य सपोर्ट २०१२ च्या एप्रिलमध्ये आटोपला, तेव्हा एक्सपीचे पॅच अजून दोन वर्षे यायचे होते.

हे का घडले, याचे उत्तर बरेचसे व्हिस्टाकडे आहे. ती यायला पाच वर्षांहून जास्त वेळ लागला. तोवर लोकांचा हात एक्सपीवर बसला होता. व्हिस्टा जानेवारी २००७ मध्ये आली, पण तिला मेमरी जास्त लागे, दर पावलाला ती परवानगी विचारी आणि जुन्या प्रिंटर-स्कॅनरचे ड्रायव्हर (ती यंत्रे चालवणारी सॉफ्टवेअरे) तिच्यावर चालतीलच असे नसे. व्हिस्टाच्या बिझनेस आणि अल्टिमेट आवृत्त्या घेणाऱ्याला तिच्या जागी एक्सपी टाकून घेण्याचा हक्क परवान्यातच होता. नवी वस्तू विकताना जुनी वापरायची मुभा लेखी द्यावी लागणे, ही त्या वस्तूवरची पुरेशी टीका म्हणावी लागेल. एक्सपीची किरकोळ विक्री ३० जून २००८ ला थांबली, तरी स्वस्त नेटबुकांवर ती २०१० पर्यंत मिळत राहिली, कारण त्या दुबळ्या यंत्रांना व्हिस्टा झेपत नव्हती.

दोन्ही बाजू सांभाळायची म्हणजे नवे काही जुन्याला द्यायचे आणि काही राखून ठेवायचे. खेळांच्या ग्राफिक्ससाठी लागणारे डायरेक्टएक्स १० व्हिस्टाच्या नव्या ग्राफिक्स ड्रायव्हर-रचनेवर उभे असल्याने एक्सपीला मिळाले नाही. इंटरनेट एक्स्प्लोरर हा ब्राउझरही एक्सपीवर आठव्या आवृत्तीशी थांबला. उलट २००९ च्या विंडोज ७ मध्ये, तिच्या व्यावसायिक आवृत्त्यांसाठी, ‘एक्सपी मोड’ आला. नव्या सिस्टीमच्या पोटात एक्सपीचे आभासी यंत्र, म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक, चाले आणि जुनी सॉफ्टवेअरे त्यात उघडत.

मराठी वापरणाऱ्यांना या दोन पिढ्यांमधला फरक टंकलेखनात जाणवला. एक्सपीत ‘मंगल’ फॉन्ट होता, पण देवनागरी जोडाक्षरे नीट दिसायला कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन जटिल लिप्यांची सोय आधी बसवावी लागे, आणि त्यासाठी बहुधा मूळ सीडी शोधावी लागे. व्हिस्टापासून ही सोय उपजत आली. व्हिस्टाच्या खात्यावर एवढे तरी जमा धरायला हवे.

सपोर्ट संपण्याचा धोका जुनेपणात नव्हता, शेजारात होता. एक्सपी आणि विंडोज ७ यांच्यात बराच कोड सामाईक. विंडोज ७ चा पॅच उलगडून पाहिला की दुरुस्त झालेले भोक कळते. तेच एक्सपीतही असले, तर तिथे ते कायम उघडे. मायक्रोसॉफ्टने स्वतः २०१३ मध्ये हा इशारा दिला होता. तरीही ज्यांना हलता येत नव्हते त्यांनी पैसे मोजले: ब्रिटिश सरकारने एका वर्षाच्या खास सपोर्टसाठी सुमारे ५५ लाख पौंड दिले. भारतात अडचण एटीएमची होती. सपोर्ट संपून चार वर्षे झाल्यावर, जून २०१८ मध्ये, रिझर्व्ह बँकेने सर्व एटीएम सपोर्ट असलेल्या ऑपरेटिंग सिस्टीमवर नेण्यासाठी बँकांना जून २०१९ ची अंतिम मुदत घालून दिली.

कंपनीला मात्र स्वतःची तारीख पाळता आली नाही. मुदत संपून महिनाही झाला नव्हता, तोच १ मे २०१४ ला इंटरनेट एक्स्प्लोररमधल्या एका दोषाचा पॅच एक्सपीलाही द्यावा लागला. मे २०१७ मध्ये फायली ओलीस धरून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस पसरला तेव्हा पुन्हा तेच झाले. गंमत म्हणजे त्या वेळी लागण झालेली बहुतेक यंत्रे विंडोज ७ ची होती. दुकानांतल्या बिलिंग यंत्रांसाठीची एक्सपीवर आधारलेली पॉसरेडी २००९ ही आवृत्ती एप्रिल २०१९ पर्यंत पॅच घेत होती. विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंग्जच्या नोंदवहीत) एक नोंद घालून आपली साधी एक्सपी म्हणजेच पॉसरेडी आहे असे भासवणारे आणि ते पॅच मिळवणारे हौशी लोक होते. पॉसरेडीची मुदत संपली आणि पुढच्याच महिन्यात, १४ मे २०१९ रोजी, दुरून संगणक चालवण्याच्या रिमोट डेस्कटॉप सोयीतल्या ‘ब्लूकीप’ दोषासाठी मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा आणखी एक पॅच काढला.