चित्रपटांविषयीचे प्रेक्षक-अभिप्राय

चित्रपटांविषयीचे प्रेक्षक-अभिप्राय : नुकताच पाहिलेला चित्रपट कसा वाटला हे सामान्य प्रेक्षकाने इतरांना सांगणे आणि जमल्यास त्याला तारे, गुण किंवा टक्के देणे. हा प्रेक्षक समीक्षक नव्हे. त्याला खास खेळाचे निमंत्रण नसते, मजकूर देण्याची मुदत नसते आणि मताचे मानधनही नसते. तिकिटाचे पैसे त्याने स्वतःच्या खिशातून भरलेले असतात. म्हणून त्याच्या मतात दिग्दर्शन-अभिनयाच्या जोडीला तिकिटाचा दर, पॉपकॉर्नची किंमत, मागच्या रांगेत रडणारे मूल आणि पार्किंगची कटकट हेही सगळे मिसळलेले असते. चित्रपट-व्यवसायात याला ‘माउथ पब्लिसिटी’ म्हणतात आणि जाहिरातीवर कितीही खर्च केला तरी शेवटी तीच चित्रपट तारते, असे निर्माते मानतात.

एकपडदा चित्रपटगृहांच्या काळात तीन, सहा आणि नऊच्या खेळांनी या देवाणघेवाणीची जागा ठरवून टाकली होती. तीनचा खेळ सुटला की बाहेर पडणारे आणि सहाच्या रांगेत उभे असलेले समोरासमोर येत. ‘कसा आहे?’ एवढाच प्रश्न, आणि उत्तर बरेचदा शब्दांऐवजी हात झटकून किंवा मान डोलावून मिळे. रांगेतला माणूस तेवढ्याने परत फिरत नसे, पण सोमवारच्या गर्दीवर त्या उत्तरांचा परिणाम दिसे. जत्रांमधून फिरणाऱ्या तंबू थिएटरांच्या बाबतीत तर आदल्या जत्रेत खेळ पाहून आलेले लोक पुढच्या गावात चित्रपटाआधीच पोचत.

1975 हे वर्ष या संदर्भात हटकून आठवावे असे आहे. 15 ऑगस्टला प्रदर्शित झालेल्या ‘शोले’चे सुरुवातीचे स्वागत थंड होते, समीक्षाही फारशा अनुकूल नव्हत्या. नंतर मात्र तो मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात पाच वर्षे चालला. त्याच वर्षी आलेल्या ‘जय संतोषी माँ’कडे मोठे नट नव्हते की मोठा खर्च नव्हता. बायकांनी बायकांना सांगितले आणि चित्रपट चालला. चपला बाहेर काढून आत जाणे आणि पडद्यावर आरती सुरू झाली की नाणी-फुले उधळणे, हासुद्धा अभिप्रायच होता. कोणत्याही पंचतारांकित परीक्षणाला ते साधले नसते.

प्रेक्षकांच्या मतांची मोजदाद भारतात संगणकाच्या कितीतरी आधी झाली. फिल्मफेअर मासिकाच्या पुरस्कारांचे पहिले वितरण 21 मार्च 1954 रोजी मुंबईच्या मेट्रो चित्रपटगृहात झाले, ते वाचकांकडून मते मागवूनच. गंमत अशी की, वाचकांनी ठरवलेल्या या पुरस्कारांना तेव्हा नाव दिले गेले ‘क्लेअर’, म्हणजे टाइम्स ऑफ इंडियाच्या चित्रपट-समीक्षक क्लेअर मेंडोन्सा यांचे. पुढे दूरचित्रवाणीवर झी टॉकीजच्या ‘महाराष्ट्राचा फेवरेट कोण?’ या सोहळ्याने मराठी चित्रपटांसाठी तोच मार्ग चोखाळला.

तोंडी अभिप्रायाचे वैशिष्ट्य असे की, तो कोणाला तरी उद्देशून असतो. एकाच चित्रपटाबद्दल एकच माणूस धाकट्या भावाला ‘डोकं घरी ठेवून जा, मजा येईल’ असे सांगतो, आईला ‘तुला नाही आवडणार, मारामारी फार आहे’ म्हणतो आणि ऑफिसातल्या साहेबांनी विचारले तर ‘बरा आहे, एकदा बघायला हरकत नाही’ एवढ्यावर थांबतो. तिन्ही मते खरी असतात. ऐकणाराही सांगणाऱ्याला ओळखून असतो. ज्या काकांना गेल्या वीस वर्षांत एकही चित्रपट आवडलेला नाही, त्यांनी ‘ठीक आहे’ म्हटले तर घरातले लगेच तिकिटे काढतात. ‘पैसा वसूल’, ‘टाइमपास’, ‘पकाऊ’, ‘इंटरव्हलनंतर ढेपाळतो’, ‘टीव्हीवर आला की बघ’ आणि अलीकडे ‘ओटीटीवर येईलच’ या शेऱ्यांची उतरंड मराठी प्रेक्षकाला पाठ असते. त्यातला शेवटचा शेरा निर्मात्याला सर्वांत महागात पडतो, कारण तो वाईट न बोलता तिकीट बुडवतो.

गुण देण्याच्या पद्धतीत हा ‘कोणाला’ गळून पडतो. चित्रपटांना तारे देण्याची सुरुवात समीक्षकांकडूनच झाली. न्यूयॉर्क डेली न्यूजमध्ये आयरीन थायरर यांनी 1928 साली तीन ताऱ्यांचे माप वापरले, ते या प्रथेचे आरंभीचे उदाहरण मानले जाते. प्रेक्षकांच्या हाती माप आले ते नंतर. लास व्हेगासमध्ये एड मिंट्झ यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेली सिनेमास्कोर ही संस्था पहिल्या रात्री चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्यांच्या हाती कार्ड देते आणि ए प्लसपासून एफपर्यंत श्रेणी काढते. पहिल्याच रात्री धावत जाणारा प्रेक्षक मुळात उत्सुक असल्यामुळे तिथे बी ही श्रेणीसुद्धा धोक्याची मानतात. 1990 साली कॉल नीडहॅम यांनी चित्रपटप्रेमींच्या याद्यांमधून उभारलेले आणि 1998 पासून ॲमेझॉनच्या मालकीचे असलेले आयएमडीबी हे चित्रपटांच्या माहितीचे संकेतस्थळ एक ते दहा गुण घेते. न्यूझीलंडमधून 2011 मध्ये सुरू झालेले लेटरबॉक्स्ड हे संकेतस्थळ अर्ध्या ताऱ्यापासून पाच ताऱ्यांपर्यंत जाते. भारतात बुकमायशो तिकीट विकते आणि त्याच जागी प्रेक्षकांचे गुणही दाखवते.

हे आकडे वाटतात तितके सरळ नसतात. रॉटन टोमॅटोज या परीक्षणे एकत्र करणाऱ्या संकेतस्थळावर प्रेक्षकांचे टक्के दिसतात, ते सरासरी गुण नव्हेत. पाचपैकी साडेतीन किंवा अधिक तारे किती जणांनी दिले, त्याचे ते प्रमाण असते. सगळ्यांनी ‘बरा आहे’ म्हणून साडेतीन तारे दिले तरी तिथे 100 टक्के झळकतात. आयएमडीबीच्या सर्वोत्तम 250 चित्रपटांच्या यादीमागची युक्ती आणखी पाहण्यासारखी आहे. तिच्या जाहीर झालेल्या सूत्रात प्रत्येक चित्रपटाला सर्वसाधारण सरासरीची ठरावीक मते आधीच दिली आहेत असे धरतात. समजा, ही धरलेली मते 25,000 आणि सर्वसाधारण सरासरी 7 आहे. मग 5,000 मतांवर 9.4 मिळवणाऱ्या चित्रपटाचा हिशेब होतो 7.4, आणि 2 लाख मतांवर 8.3 मिळवणाऱ्याचा सुमारे 8.16. मोजक्या चाहत्यांच्या भरभरून कौतुकाला त्यामुळे चाप बसतो. मराठी चित्रपटांचे प्रेक्षक तिथे जाऊन मत देणारे थोडे, त्यामुळे या हिशेबात ते मागेच राहतात. हा चित्रपटांच्या दर्जाचा निकाल मानू नये.

माणूस गुण देताना स्वतःची प्रतिमाही जपतो. नेटफ्लिक्सने शिफारशी सुधारण्यासाठी 2006 मध्ये 10 लाख डॉलरची स्पर्धा जाहीर केली आणि प्रेक्षक किती तारे देईल याचा अंदाज 10 टक्क्यांनी अधिक अचूक करणाऱ्या चमूला 2009 मध्ये बक्षीस दिले. पुढे 2017 मध्ये कंपनीने ते तारेच काढून टाकले आणि अंगठा वर किंवा खाली एवढेच ठेवले. कारण लोक गंभीर माहितीपटांना पाच तारे देत आणि रात्री बघत मात्र तीन तारे दिलेले हलकेफुलके विनोदी चित्रपट.

गुण हे हत्यार म्हणूनही वापरले जातात. फेब्रुवारी 2014 मध्ये आलेल्या ‘गुंडे’ या हिंदी चित्रपटात 1971 चे युद्ध केवळ भारत-पाकिस्तान युद्ध म्हणून मांडले होते. आपल्या मुक्तिलढ्याचा तो अपमान आहे, या भावनेने बांगलादेशातील तरुणांनी मोहीम चालवून त्याला एकेक गुण दिला. आयएमडीबीवर हा चित्रपट सुमारे 1.4 पर्यंत घसरून काही काळ जगातला सर्वांत वाईट चित्रपट ठरला. ‘गुंडे’ इतका वाईट खचितच नाही. पण त्या गुणांमागचा राग खरा होता आणि निर्मिती संस्थेने दिलगिरीही व्यक्त केली. 2022 मध्ये ‘द काश्मीर फाइल्स’च्या पानावर उलट दिशेने मतांचा पूर आला, तेव्हा मतदान नेहमीसारखे नसल्याने मोजणीची वेगळी पद्धत वापरली आहे, अशी सूचना आयएमडीबीला लावावी लागली. प्रदर्शनाआधीच नावडीचे शिक्के पडू लागल्यावर रॉटन टोमॅटोजने 2019 मध्ये तिकीट काढल्याची खातरजमा झालेल्या प्रेक्षकांची मते वेगळी दाखवायला सुरुवात केली.

दक्षिणेत हा वाद न्यायालयात गेला. केरळ उच्च न्यायालयासमोर 2023 मध्ये हेतुपुरस्सर बदनामी करणाऱ्या परीक्षणांचा प्रश्न आला आणि न्यायालयाने सल्ल्यासाठी नेमलेल्या वकिलाने, म्हणजे न्यायमित्राने, पहिले 48 तास परीक्षण टाळावे, अशी शिफारस केली. तमिळ निर्मात्यांनी 2024 मध्ये पहिल्या तीन दिवसांच्या बंदीसाठी मद्रास उच्च न्यायालयात धाव घेतली, पण न्यायालयाने तशी बंदी घालायला नकार दिला. पैसे घेऊन केलेली बदनामी वाईटच. तरी तिकिटाचे पैसे भरलेल्या माणसाने दोन दिवस गप्प बसावे ही अपेक्षा मुळातच विचित्र आहे. शिवाय तोच चित्रपट आवडला असता तर निर्मात्यांनी त्याला पहिल्याच खेळानंतर कॅमेऱ्यासमोर उभे केले असते.

महाराष्ट्रात चर्चेची आणखी दोन ठिकाणे सांगता येतील. मुंबईतील प्रभात चित्र मंडळासारख्या (स्थापना 1968) फिल्म सोसायट्यांमध्ये खेळानंतर बसून बोलण्याची सवय लागली. मायबोली (1996) आणि मिसळपाव (2007) या संकेतस्थळांवर लोक टोपणनावाने लिहीत असले, तरी कोणाला काय आवडते हे वाचकांना वर्षानुवर्षांच्या सरावाने कळलेले असते. ‘यांना आवडला म्हणजे मला आवडणार नाही’ असा उलटा उपयोगही होतो. कथेतला शेवट फोडणाऱ्यावर मात्र सगळे मिळून तुटून पडतात.

मराठी चित्रपटासाठी तोंडी प्रसिद्धीचा खरा प्रश्न वेळेचा आहे. अलका कुबल यांची भूमिका असलेला ‘माहेरची साडी’ (1991) घरोघरच्या बायकांनी एकमेकींना सांगत चालवला. त्या काळी चित्रपटगृहे तेवढे थांबत असत. मल्टिप्लेक्समध्ये पुढच्या आठवड्याचे खेळ आधीच्या आठवड्याची गर्दी पाहून ठरतात. एखाद्याने शनिवारी चित्रपट पाहिला, सोमवारी डब्याच्या वेळी सांगितला आणि ऐकणाऱ्याने पुढच्या रविवारचा बेत केला, तर तोवर तो चित्रपट दुपारी बाराच्या एकाच खेळावर येऊन ठेपलेला असतो. मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपट मोक्याच्या वेळी दाखवावेत म्हणून राज्य शासनाने 2015 मध्ये पाऊल उचलले, तरी खेळ मिळत नसल्याची तक्रार संपलेली नाही. केदार शिंदे दिग्दर्शित ‘बाईपण भारी देवा’ (30 जून 2023) हा ठळक अपवाद. मंगळागौरीच्या निमित्ताने एकत्र येणाऱ्या सहा बहिणींची ही गोष्ट पाहायला भिशीचे, सोसायटीचे आणि शाळेतल्या मैत्रिणींचे गट नऊवारी नेसून, गॉगल लावून जाऊ लागले. त्यांचे फोटो पाहून दुसरे गट तयार झाले आणि दुसऱ्या आठवड्याची कमाई पहिल्यापेक्षा जास्त झाली. परदेशात महाराष्ट्र मंडळांनी लावलेल्या एखाद-दुसऱ्या खेळाला एवढाही अवधी नसतो. तिथला प्रेक्षक बहुतेक वेळा पुण्या-मुंबईच्या बहिणीच्या किंवा मावशीच्या व्हॉट्सॲप निरोपावरच तिकीट काढतो.