अंतर्मुखता आणि वाढते वय

अंतर्मुख व्यक्तीच्या माणसांत मिसळण्याच्या वृत्तीत वयोमानाने होणारे बदल. ‘अंतर्मुख’ आणि ‘बहिर्मुख’ ही जोडी स्विस मनोवैज्ञानिक कार्ल युंग यांच्या १९२१ सालच्या ग्रंथामुळे रूढ झाली. मराठी बोलीत मात्र अशा माणसाला घुमा, अबोल, बुजरा, मुखदुर्बळ, एकलकोंडा, शिष्ट, माणूसघाणा अशी नावे सरमिसळ चिकटतात. त्यांतली बरीचशी चुकीची आहेत. बुजऱ्याला बोलायचे असते, पण भीती आडवी येते. माणूसघाण्याला माणसेच नको असतात. अंतर्मुखाला माणसे हवी असतात, पण थोडी, आणि थोडा वेळ. वयाचा परिणाम या तिघांवर सारखा होत नाही, म्हणून हा भेद आधी लक्षात घ्यावा लागतो.

युंगनंतर ब्रिटनमधील मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांनी अंतर्मुखतेचे मूळ मेंदूत शोधले. अंतर्मुखाचा मेंदू मुळातच अधिक जागा असतो, त्यामुळे गोंगाट, गर्दी, अनोळखी चेहरे यांचा त्याला लवकर शीण येतो, असे त्यांचे म्हणणे. जिभेवर लिंबाच्या रसाचे थेंब टाकले की अंतर्मुखांना लाळ जास्त सुटते, हा त्या काळातला गाजलेला प्रयोग. हा सिद्धान्त पुढे जसाच्या तसा टिकला नाही. स्वभावाचा एक भाग जन्मजात असतो, हे मात्र आज सर्वमान्य आहे.

मग वयाने बदलते ते काय? येथे मिसळण्याच्या वृत्तीचे दोन पदर वेगळे करावे लागतात. एक धिटाई : चारचौघांत बोलणे, आपले म्हणणे रेटणे, अनोळखी माणसाशी व्यवहार करणे. दुसरी हौस : माणसांचा घोळका, गप्पा, नवी ओळख यांची मनातून वाटणारी ओढ. मानसशास्त्रज्ञ ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २००६ साली ९२ दीर्घकालीन नमुन्यांचा, म्हणजे वर्षानुवर्षे पुन्हापुन्हा तपासलेल्या लोकगटांचा, एकत्रित आढावा घेतला. त्यात धिटाई वाढताना दिसली, विशेषतः २० ते ४० या वयात. हौस किशोरवयात वाढली आणि उतारवयात ओसरली. हे सरसकट सर्वांचे चित्र आहे, केवळ अंतर्मुखांचे नव्हे. पण अंतर्मुखाच्या बाबतीत ते जास्त डोळ्यांत भरते, कारण त्याची हौस मुळातच बेताची असते आणि वाढलेली धिटाई लोकांना लगेच दिसते. ‘लहानपणी तोंडातून शब्द फुटत नव्हता, आता बघा’ असे नातेवाईक म्हणतात तेव्हा त्यांनी पाहिलेली असते ती धिटाई. स्वभाव उलटला, हा त्यांचा निष्कर्ष घाईचा असतो.

लग्नघरात हे नीट पाहता येते. विशीतला अंतर्मुख मुलगा आहेराची वही घेऊन कोपऱ्यात बसतो. काम महत्त्वाचे, नावे आणि रकमा लिहायच्या, मान खाली. कोणाशी गप्पा मारायची सक्ती नाही. तोच पन्नाशीत मुलीच्या लग्नात दाराशी उभा राहून व्याह्यांचे स्वागत करतो, केटररशी हुज्जत घालतो, विहिणींची विचारपूस करतो. पाठवणी आटोपली की खोलीचे दार लोटून, दिवा न लावता अर्धा तास आडवा होतो. सत्तरीत तो कडेच्या खुर्चीवर बसतो, एकाच मावसभावाशी मनसोक्त बोलतो, जेवतो आणि निघतो. विशीत असे वागला असता तर शिष्ट ठरला असता. आता ‘वय झालं, दगदग होत नाही’ म्हणून कोणी बोट ठेवत नाही. वय त्याला परवानगी देते, हा भाग संशोधनात फारसा मोजलेला दिसत नाही. प्रस्तुत लेखकाला तो महत्त्वाचा वाटतो.

माणूस इतरांच्या तुलनेत कुठे उभा असतो, ते तर वयानुसार अधिकच पक्के होत जाते. १५२ दीर्घकालीन अभ्यासांच्या २००० सालच्या आढाव्यात स्वभावगुणांच्या स्थैर्याचा सहसंबंध (१ म्हणजे क्रम अजिबात न बदलणे) बालपणी ०.३१, तिशीत ०.६४ आणि ५० ते ७० या वयात ०.७४ आढळला. वर्गातली सर्वांत अबोल मुलगी चाळीस वर्षांनी स्नेहसंमेलनात बोलते खरी, पण तोवर बाकीच्याही बोलायला शिकलेल्या असतात.

उतारवयात वर्तुळ लहान होते, हे सर्वांचेच. एलेन कमिंग आणि विल्यम हेन्री या संशोधकांनी १९६१ साली त्याला समाजापासून होणारी नैसर्गिक माघार म्हटले. त्यावर पुष्कळ टीका झाली. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांचे स्पष्टीकरण अधिक पटते : उरलेला वेळ मोजका आहे हे जाणवले की माणूस नव्या ओळखींपेक्षा जिव्हाळ्याची माणसे निवडतो. कारण वर्षांचे नसून वेळेच्या जाणिवेचे आहे, हे हाँगकाँगमध्ये दिसले. १९९७ साली ते ब्रिटनकडून चीनकडे गेले; त्या हस्तांतरणाआधी, एक पर्व संपत आल्याच्या जाणिवेने, तेथील तरुणही म्हाताऱ्यांप्रमाणे जवळच्या माणसांकडे झुकले, आणि पुढे ते ओसरून वयाचा फरक पुन्हा दिसू लागला. तात्पर्य, बहिर्मुख माणूस साठीनंतर ज्या निवडक वर्तुळाकडे येतो, तिथे अंतर्मुख आधीपासूनच बसलेला असतो. निवृत्तीनंतर फोन थंडावला की बहिर्मुखाला घर खायला उठते. अंतर्मुखाला सुटल्यासारखे वाटू शकते.

या सोयीची दुसरी बाजूही आहे. चारच मित्र असलेल्याचा एक गेला की पाव जग जाते, आणि नवा जोडायची सवय नसते. अशांना ज्येष्ठ नागरिक संघातल्या नुसत्या गप्पांपेक्षा काम असलेली जागा मानवते : भजनी मंडळात टाळ, वाचनालयात पुस्तकांच्या नोंदी, सोसायटीचा हिशेब. आहेराच्या वहीचेच हे पुढचे रूप.

आणखी एक घोटाळा घरोघरी होतो. ऐकू कमी येऊ लागलेला माणूस गर्दीत गप्प बसतो आणि ‘पहिल्यापासून अबोलच’ म्हणून कोणी त्याचे कान तपासत नाही. नैराश्याचेही तसेच. अंतर्मुखाने लग्नाला जायचे टाळले तर त्यात नवल नाही. पण ज्या एकदोघांची तो वाट पाहायचा त्यांचाही फोन घेईनासा झाला, तर डॉक्टरांना दाखवावे.