पंप एकदा लागला की सुटत नाही?

“पंप एकदा लागला की सुटत नाही, त्यापेक्षा गोळी बरी.” दम्याचं निदान झालं की हे सांगणारं कुणीतरी भेटतंच. खरं तर उलट आहे. धाप लागल्यावर श्वासनलिका मोकळी करणाऱ्या साल्ब्युटामॉलच्या पंपातून एका फवाऱ्यात साधारण 100 मायक्रोग्रॅम औषध निघतं. त्याच औषधाची गोळी 4 मिलिग्रॅमची, म्हणजे 40 फवाऱ्यांइतकी! ती पोटातून रक्तात जाऊन अंगभर फिरते. मग हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाचं औषध थेट श्वासनलिकेत उतरतं.

सुटत नाही तो दमा, पंप नव्हे. धाप नसतानाही श्वासनलिकांना आतून सूज असू शकते. ती आटोक्यात ठेवतं दुसऱ्या पंपातलं ब्युडेसोनाइडसारखं स्टेरॉइड, आणि लोक ‘आता बरं वाटतंय’ म्हणून नेमका तोच पंप बंद करतात. (स्टेरॉइड म्हटल्यावर दचकू नका, मात्रा इथंही मायक्रोग्रॅममध्येच असते. घेतल्यावर चूळ मात्र भरा, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येऊ शकते.)

धास्ती घ्यायचीच तर नुसत्या साल्ब्युटामॉलच्या, बहुधा निळ्या असणाऱ्या पंपाची घ्या. तो नळी तेवढ्यापुरती मोकळी करतो, सूज तशीच राहते. म्हणूनच ‘जिना’ ही दम्यावर काम करणारी जागतिक संस्था 2019 पासून सांगतेय, की मोठ्या माणसांना फक्त त्याच्यावर ठेवू नका. तो वरचेवर लागत असेल तर डॉक्टरांना गाठा. जाताना पंप सोबत न्या आणि त्यांच्यासमोर ओढून दाखवा. पुष्कळदा औषध घशातच अडकलेलं असतं.