मेथडिस्ट डिस्ट्रिक्ट

मेथडिस्ट डिस्ट्रिक्ट : प्रॉटेस्टंट ख्रिस्ती धर्माच्या मेथडिस्ट शाखेत स्थानिक मंडळ्या आणि वरिष्ठ परिषद यांच्यामधला प्रादेशिक विभाग. ब्रिटिश परंपरेत काही मंडळ्या मिळून सर्किट होते आणि अनेक सर्किटांचा एक डिस्ट्रिक्ट होतो; त्याच्या प्रमुखाला चेअर म्हणतात. अमेरिकन परंपरेत, आणि तिच्यातूनच वाढलेल्या मेथडिस्ट चर्च इन इंडिया या संस्थेत, बिशपच्या हाताखाली डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडेंट (मंडळीच्या बोलण्यात ‘डी. एस.’) काही पास्टरेटांवर (एकेका पाळकाकडे सोपवलेल्या मंडळ्यांवर) देखरेख करतो. महसुली जिल्ह्याच्या सीमांशी डिस्ट्रिक्टच्या सीमा जुळतातच असे नाही. मंडळ्या जिथे असतील तसा त्याचा नकाशा बनतो, आणि नव्या मंडळ्या निघाल्या किंवा जुन्या क्षीण झाल्या की तो बदलतो.

उगम : डिस्ट्रिक्ट प्रथम कधी व कोठे अस्तित्वात आला याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. एक मत त्याचे मूळ जॉन वेस्ली (१७०३–९१) यांच्या हयातीतल्या सर्किट-व्यवस्थेत शोधते. दुसरे अमेरिकेतील १७८४ च्या परिषदेकडे बोट दाखवते. तिसरे, आणि इंग्लंडच्या इतिहासकारांत रूढ असलेले मत १७९१ हे वर्ष देते.

पहिल्या मताला काही आधार आहे. वेस्लींची पहिली परिषद लंडनच्या फाउंड्री या सभागृहात १७४४ मध्ये भरली, आणि १७४६ च्या नोंदीत देशभराची सात सर्किटे दिसतात. त्यांपैकी ‘यॉर्कशर’ किंवा ‘कॉर्नवॉल’ यांचा विस्तार आजच्या एखाद्या डिस्ट्रिक्टएवढाच होता. सर्किटाच्या तिमाही सभेचा पायाही याच काळात घातला गेला : जॉन बेनेट या उपदेशकाने १८ ऑक्टोबर १७४८ रोजी टॉडमॉर्डन एज येथे भरवलेली सभा सामान्यतः पहिली मानली जाते. मात्र या सर्व रचनेवर एकट्या वेस्लींची हुकमत होती. उपदेशक कोठे जाणार, कोण राहणार, कोण गळणार हे तेच ठरवीत. मधली पायरी म्हणून काही उरतच नव्हते, त्यामुळे सर्किटाला डिस्ट्रिक्टचे पूर्वरूप म्हणणे ताणून केलेले विधान वाटते.

अमेरिकेत गरज निराळी होती. बाल्टिमोर येथे डिसेंबर १७८४ मध्ये भरलेल्या, ‘ख्रिसमस परिषद’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सभेत मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चची स्थापना झाली. टॉमस कोक आणि फ्रान्सिस ॲस्बरी हे तिचे प्रमुख. बाप्तिस्मा व प्रभुभोजन देण्याचा अधिकार असलेले दीक्षित ‘एल्डर’ त्या वेळी फार थोडे होते, आणि मंडळ्या जंगलवाटांनी विखुरलेल्या. म्हणून एकेका एल्डरकडे अनेक सर्किटे सोपवण्यात आली. त्यातून ‘प्रिसायडिंग एल्डर’ (देखरेख करणारा एल्डर) हे पद आकाराला आले, आणि त्याच्याकडच्या सर्किटांचा गट म्हणजे तिथला डिस्ट्रिक्ट. पदाचा आरंभ १७८४–८५ चा धरावा की १७९२ च्या जनरल कॉन्फरन्सने (चर्चच्या सर्वोच्च परिषदेने) त्याला नियमांत बसवले तेव्हाचा, हा वाद बराचसा व्याख्येचा आहे. प्रत्यक्ष व्यवहार आधी सुरू झाला आणि कायदा मागून आला, असे मानणे कागदपत्रांना धरून होईल.

इंग्लंडमध्ये वेस्लींचा मृत्यू (२ मार्च १७९१) हे कारण निर्णायक ठरले. त्याच महिन्याच्या ३० तारखेला हॅलिफॅक्स येथे जमलेल्या काही उपदेशकांनी एक परिपत्रक काढले. वेस्लींच्या जागी दुसरा राजा बसवू नये, दोन वार्षिक परिषदांच्या दरम्यानचे कामकाज डिस्ट्रिक्ट समित्यांनी पाहावे, असा त्याचा आशय. सह्या करणाऱ्यांतले विल्यम टॉम्पसन हे त्याच वर्षी मँचेस्टरच्या परिषदेचे अध्यक्ष निवडले गेले, आणि देशाची डिस्ट्रिक्टांत विभागणी झाली. चेअरमनकडे सुरुवातीला फारसे अधिकार नव्हते : तंटा उभा राहिला की त्याने समिती बोलवायची, इतकेच. कोक आणि काही ज्येष्ठांनी १७९४ मध्ये लिचफील्ड येथे गुप्त बैठक घेऊन प्रत्येक मोठ्या विभागावर सुपरिंटेंडेंट नेमण्याची, म्हणजे जवळपास बिशपांचीच, योजना आखली. त्या वर्षीच्या परिषदेने ती नाकारली.

तीनही मतांचा विचार करता ब्रिटिश व अमेरिकन डिस्ट्रिक्ट एकाच्या पोटी दुसरा जन्मला असे म्हणता येत नाही. एकाच्या मुळाशी सत्ता कोणा एकाच्या हाती जाऊ नये ही काळजी होती, तर दुसऱ्याच्या मुळाशी दूरवरच्या मंडळीला प्रभुभोजन मिळावे ही. हा फरक पुढे दोनशे वर्षे टिकला. अमेरिकेत १७९२ मध्येच जेम्स ओ’केली या उपदेशकांनी बिशपने केलेल्या नेमणुकीविरुद्ध दाद मागण्याचा हक्क मागितला, आणि तो नाकारल्यावर ते अनुयायांसह बाहेर पडले. प्रिसायडिंग एल्डर बिशपने नेमावा की उपदेशकांनी निवडावा, हा वाद १८२० च्या सुमारास पुन्हा पेटला. मेथडिस्ट प्रॉटेस्टंट चर्च वेगळे होण्याच्या कारणांत तो एक होता. या पदाचे ‘डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडेंट’ हे आजचे नाव मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चने १९०८ मध्ये स्वीकारले. अमेरिकेच्या दक्षिणेकडील वेगळ्या मेथडिस्ट शाखेने जुने नाव १९३९ च्या एकीकरणापर्यंत सोडले नाही. इंग्लंडमध्ये मूळ वेस्लियन शाखेपासून वेगळ्या असलेल्या प्रिमिटिव्ह मेथडिस्टांचे डिस्ट्रिक्ट मात्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इतके प्रबळ झाले, की उपदेशकांच्या नेमणुकांपासून मिशन कामापर्यंत सर्व ते आपणच पाहू लागले. वेस्लियन, प्रिमिटिव्ह आणि युनायटेड मेथडिस्ट या तीन शाखा १९३२ मध्ये एकत्र आले. चेअरमनला सर्किटच्या कामातून मोकळे करून पूर्णवेळ डिस्ट्रिक्टसाठी ठेवण्याची रीत १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातली आहे.

वार्ता व तिचे वहन : डिस्ट्रिक्टचा विचार बहुधा घटना आणि नियमांच्या अंगाने केला जातो. विखुरलेल्या लहान मंडळ्यांना एकमेकींची खबर पोचवणे हे त्याचे काम त्याहून कमी महत्त्वाचे नाही. किंबहुना दहावीस कुटुंबांची मंडळी त्याच आधारावर तग धरते.

या कामाची साधने डिस्ट्रिक्टच्याही आधीची आहेत. वेस्लींच्या सभागृहांतून १७४० च्या दशकात ‘पत्रदिन’ पाळला जाई. ठरलेल्या दिवशी गावोगावहून आलेली पत्रे मोठ्याने वाचून दाखवत आणि त्यांवर प्रार्थना होई. वर्गसभा हे दुसरे साधन. ब्रिस्टल येथील सभागृहाचे कर्ज फेडण्यासाठी १७४२ मध्ये कॅप्टन फॉय नावाच्या सभासदाने सुचवले, की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी आणि बाराजणांमागे एकाने ती गोळा करावी. घरोघर पेनी मागायला जाणाऱ्याला कोण आजारी, कोण बेकार, कोणाच्या घरी भांडण हे कळू लागले, आणि वसुलीतून काळजी वाहण्याची व्यवस्था उभी राहिली. सभासदाला दर तिमाहीस नवे तिकीट मिळे. ते रोखले गेले, की काहीतरी बिनसले आहे हे सर्वांना समजे.

तिसरे साधन म्हणजे उपदेशकांचे वेळापत्रक, म्हणजे ‘प्लॅन’. कोणत्या रविवारी कोणत्या प्रार्थनामंदिरात कोण उपदेश करणार हे त्यात एका तक्त्यावर मांडलेले असते. लंडनचा १७५४ चा हस्तलिखित प्लॅन सर्वांत जुन्यांपैकी, आणि लीड्सचा १७७७ चा प्लॅन उपलब्ध छापील प्लॅनांत सर्वांत जुना मानला जातो. सर्किटाचा इतिहास लिहिणाऱ्यास प्लॅनइतका विश्वसनीय कागद दुसरा मिळत नाही : नावे वाढली की मंडळी वाढली, एखाद्या गावाचा रकाना गळला की तिथली मंडळी संपली.

परिषदेचे इतिवृत्त १७६५ पासून दरवर्षी छापले जाऊ लागले. त्याची रचना प्रश्नोत्तरांची असे. यंदा कोण दाखल झाले, कोणाचे वर्तन निर्दोष आहे, कोण कोठे नेमले गेले असे प्रश्न ठरलेल्या क्रमाने येत. यंदा कोण वारले, हा प्रश्नही पुढे कायमचा झाला, आणि त्याच्या उत्तरातून मृत्युलेखांचा एक मोठा साठा तयार झाला. वेस्लींनी १७७८ मध्ये सुरू केलेल्या मासिकात साध्या सभासदांची, खाणकामगारांची व मोलकरणींची आत्मकथने आणि मृत्युप्रसंगांची वर्णने छापली जात. त्या काळात दुसऱ्या कुठल्याही नियतकालिकात अशा माणसांना नावानिशी जागा मिळाली नसती.

समाजजीवन : डिस्ट्रिक्टचे वर्ष तिमाही सभांनी आणि काही खास उपासनांनी आखलेले असते. ३१ डिसेंबरच्या रात्रीची जागरण-उपासना किंग्जवूडच्या कोळसा-खाणकामगारांच्या सवयीतून वेस्लींनी उचलली असे सांगितले जाते. जे लोक पूर्वी रात्र दारूच्या गुत्त्यात काढत, ते ती प्रार्थनेत काढू लागले. करार-नूतनीकरणाची, म्हणजे देवाशी केलेला करार पुन्हा मान्य करण्याची, उपासना ऑगस्ट १७५५ मध्ये लंडनच्या स्पिटलफील्ड्स येथे प्रथम झाली. आज ती बहुधा नववर्षाच्या पहिल्या रविवारी होते. प्रेमभोजन मोरेव्हियन या प्रॉटेस्टंट पंथाकडून आले. त्यात पाव किंवा केक आणि पाणी वाटून घेत आणि ज्याला वाटेल तो उठून साक्ष देई.

कॉर्नवॉलमध्ये या जीवनाला प्रदेशाचा रंग चढला. तांब्या-कथलाच्या खाणी आणि मासेमारीवर जगणाऱ्या या भागात ग्वेनॅप येथील खचलेल्या जमिनीच्या खळग्यात वेस्लींनी १७६२ ते १७८९ दरम्यान वारंवार उपदेश केला. पुढे त्या खळग्याला पायऱ्यांचे वर्तुळ बांधून काढण्यात आले, आणि १८०७ पासून तेथे वार्षिक उपासना होत आली. रविवारच्या शाळांची ‘टी-ट्रीट’, म्हणजे बँडसह मिरवणूक, मैदानावरचे खेळ आणि प्रत्येक मुलाला केशर घातलेला मोठा बन, ही तेथील मोठी सामाजिक घटना होती.

भारत : ब्रिटिश मेथडिस्टांच्या परदेशी कामाचा आरंभच एका डिस्ट्रिक्टमधून झाला. ऑक्टोबर १८१३ मध्ये लीड्स डिस्ट्रिक्टसाठी मिशनरी सोसायटी स्थापन झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस कोक हे सिलोनसाठी (श्रीलंका) मिशनऱ्यांची तुकडी घेऊन निघाले, पण ३ मे १८१४ रोजी समुद्रातच वारले. त्यांचे सहकारी त्याच महिन्यात मुंबई बंदरात उतरले आणि थोड्या मुक्कामानंतर बहुतेक जण सिलोनला गेले. मुंबईत मेथडिस्ट काम तेव्हा रुजले नाही. दक्षिण भारतात ब्रिटिश पद्धतीचे डिस्ट्रिक्ट झाले, आणि १९४७ मध्ये चर्च ऑफ साउथ इंडियात विलीन झाले.

अमेरिकन कामाची सुरुवात विल्यम बटलर १८५६ मध्ये आल्यापासून होते. बरेली व लखनौ ही त्याची केंद्रे होती. गंगेच्या दक्षिणेकडे, इतर मिशनांच्या क्षेत्रांत न शिरण्याचा संकेत त्यांनी पाळला होता. तो मोडला विल्यम टेलर यांनी. १८७१–७२ मध्ये मुंबईत त्यांच्या सभांतून इंग्रजी बोलणाऱ्या युरेशियन व युरोपीय लोकांची मंडळी उभी राहिली. मंडळीने आपला खर्च आपणच उचलावा, मिशनच्या पैशावर जगू नये, हे त्यांचे तत्त्व होते. मुंबईत १८४८ पासून राहणारे, पगार सोडून बाजारपेठेत गरिबांसारखे जगणारे जॉर्ज बोवेन (१८१६–८८) त्यांना येऊन मिळाले. टेलर गेल्यावर देखरेख बोवेन यांच्याकडे आली. ते ‘बॉम्बे गार्डियन’चे संपादकही होते, म्हणजे विभाग पाहणारा आणि बातमी छापणारा माणूस काही काळ एकच होता. कुलाब्याचे चर्च त्यांचे नाव चालवते. पुण्यातील सभांतून सर्वेक्षण खात्यातले विल्यम ओल्डम या कामाकडे वळले. पुढे १८८५ मध्ये सिंगापूरच्या मेथडिस्ट चर्चची स्थापना त्यांनी केली आणि नंतर ते बिशप झाले.

दक्षिण भारत परिषद १८७६ मध्ये आणि तिच्यातून मुंबई परिषद १८९० च्या दशकाच्या आरंभी निघाली. मुंबई, पुणे, इगतपुरी ही रेल्वेच्या वाटेवरची ठाणी, तळेगाव, नागपूर, कामठी आणि बाशीम (वाशीम) असा तिचा मराठी मुलखातील विस्तार होता. अहमदनगर-सोलापूरकडे अमेरिकन मराठी मिशन, कोल्हापूर-सांगलीकडे प्रेस्बिटेरियन आधीच रुजले असल्याने मेथडिस्ट मंडळ्या सलग पट्ट्यात न होता तुटक झाल्या. शिवाय एकाच डिस्ट्रिक्टमध्ये इंग्रजी, मराठी, गुजराती व हिंदुस्थानी मंडळ्या नांदत. मराठी उपासनेत ना. वा. टिळकांची पदे व ‘उपासना संगीत’ हा समाईक ठेवा राहिला, आणि १८४२ पासूनचे ‘ज्ञानोदय’ निरनिराळ्या मिशनांच्या मराठी मंडळ्यांत वाचले गेले. उत्तरेकडे लखनौत १८७१ मध्ये सुरू झालेले ‘विटनेस’ पुढे कलकत्त्याला जाऊन ‘इंडियन विटनेस’ झाले.

भारतीय उपदेशकांच्या दृष्टीने डिस्ट्रिक्ट परिषदेचे मोल वेगळेच होते. वार्षिक परिषदेत मिशनऱ्यांचे वजन भारी असे. डिस्ट्रिक्ट परिषदेत मात्र स्थानिक उपदेशक व साहाय्यक आपल्या भाषेत बोलत, अहवाल देत, परवान्यांच्या परीक्षा होत. नेतृत्वाची ही शाळा फार काळ दुर्लक्षित राहिली. चर्चच्या दक्षिण आशियातील शाखेने जशवंतराव चितंबर यांना १९३० मध्ये पहिले भारतीय बिशप निवडले. १९७० च्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात ही शाखा सामील झाली नाही. ती १९८१ च्या जानेवारीत मद्रास येथे मेथडिस्ट चर्च इन इंडिया म्हणून स्वायत्त झाली, आणि वार्षिक परिषदांना प्रादेशिक परिषदा हे नाव मिळाले. मुंबई प्रादेशिक परिषद त्यांपैकी एक.

आजचे कामकाज : डी. एस. पास्टरेटांना भेटी देतो, वर्षाचा हिशेब व सभासदसंख्या तपासतो, पाळक नसलेल्या मंडळीत प्रभुभोजनाची सोय करतो आणि बिशपच्या सल्लागार मंडळात बसतो. महिला समाज, युवक संघ व रविवारच्या शाळा यांचे मेळावे, जागृती सभा आणि हंगामाचा सण यांच्या तारखा डिस्ट्रिक्ट पातळीवर जुळवतात. बाकीची खबर रविवारच्या उपासनेतील सूचनांमधून फिरते : आजाऱ्यांसाठी विनंती, ठरलेली लग्ने, बाप्तिस्मे, शेजारच्या मंडळीतले मयत. प्रादेशिक परिषदेत प्रत्येक डी. एस. आपला अहवाल वाचतो, आणि शेवटच्या दिवशी बिशप नेमणुकांची यादी जाहीर करतो. एका मंडळीत वर्षे काढलेल्या पाळकाचे कुटुंब मग थोड्याच दिवसांत सामान बांधून दुसऱ्या गावच्या पाळकनिवासात राहायला जाते.