ऑर्किड घेऊन गेलात, आता पाण्याचं काय?

रोप घरी नेल्यावर थोड्या दिवसांनी हमखास फोन येतो, की मुळं कुंडीच्या बाहेर आलीत, मातीत पुरू का? नका पुरू. आणि कापूही नका प्लीज.

हे झाड मातीतलं नाहीच. आपल्या सह्याद्रीतली सीतेची वेणी बघितली असेल ना, तीही ऑर्किडच, झाडाच्या फांदीला चिकटलेली असते आणि मे-जूनला फुलांचे घोस लोंबतात. बरेच जण तिला बांडगूळ म्हणतात, पण बांडगूळ झाडातून पाणी ओढतं, ही बिचारी फक्त बसायला जागा घेते. पाणी पावसाचं आणि धुक्याचं, तेही उघड्या मुळांनी.

या मुळांवर मेलेल्या पेशींचं स्पंजसारखं आवरण असतं, त्याला वेलामेन म्हणतात. ते पाणी पटकन टिपून घेतं, ओलं झालं की पारदर्शक होतं आणि आतलं हरितद्रव्य दिसायला लागतं, म्हणून मूळ हिरवं दिसतं, सुकलं की परत चंदेरी. तर मूळ चंदेरी दिसलं की पाणी घाला आणि हिरवं असेपर्यंत हात आवरा, "दर सोमवारी एक कप" वगैरे विसरा. फॅलेनॉप्सिस हा ऑर्किडचा प्रकार आम्ही पारदर्शक कुंडीत देतो ते यासाठीच, शोभेसाठी नाही.

कुंडीत फक्त नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा आणि विटांचे खडे असतात कारण मुळांना हवाही लागते, सतत ओली राहिली की कुजतात. आणि गंमत बघा, मुळं कुजली की पानं सुरकुततात, आपल्याला वाटतं झाड तहानलंय, आपण अजून पाणी ओततो आणि ते जातंच. शंका आली तर मूळ चिमटीत दाबून बघा. टणक असेल तर ठीक, पिचपिचीत लागलं आणि साल निघून आत नुसता दोरा उरला तर ते मेलंय, तेवढं स्वच्छ कात्रीने कापा.

वांडा या प्रकारची ऑर्किड उघड्या मुळांनी टांगलेली असते, तिला उन्हाळ्यात रोज पाणी, कडक उन्हाळ्यात दोनदासुद्धा. डेंड्रोबियम या प्रकाराच्या जाड कांड्यांत पाणी साठलेलं असतं, एखादा दिवस चुकला तरी चालतं. फॅलेनॉप्सिसला तशी सोय नाही पण तिच्या पानांच्या बेचक्यात पाणी साचलं तर गाभा कुजतो, म्हणून सकाळीच घाला आणि साचलेलं टिश्यूने टिपा. पावसाळ्यात कुंड्या पागोळ्यांखाली ठेवू नका, हवाच दमट असते, पाणी फार कमी लागतं.

बोअरच्या पाण्याने मुळांवर पांढरी खरखरीत पुटं चढतात, ती क्षारांची, चंदेरी रंग वेगळा. जमलं तर पावसाचं पाणी साठवा. खत एकदम पातळ, तेही आधी मुळं भिजवून.

काही अडलं तर व्हॉट्सॲप करा, पण फुलांचा फोटो नको, मुळांचा पाठवा.