लाकडी फळांवर लाख का नाही?

सावंतवाडीच्या चितारआळीतले लाकडी आंबे, केळी, वांगी आता रुखवतापासून दिवाणखान्यातल्या टोपलीपर्यंत सगळीकडे दिसतात. त्यांच्याभोवतीचा वाद मात्र जुनाच आहे: लाख, म्हणजे कीटकांपासून मिळणारी राळ, सोडून तैलरंग धरला, हे बरे झाले की वाईट?

संस्थानच्या काळात इथले चितारी दरबाराच्या आश्रयाने रंगकाम आणि गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, करत. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि तो आधार गेला. १९७०च्या दशकात राजघराण्याने राजवाड्यातच गंजिफांचे काम पुन्हा उभे केले. त्याचे कौतुक झाले, व्हायलाच हवे होते. फळांच्या वाट्याला तेवढी शाई आली नाही. ती बाजारासाठी घडली, दरबारासाठी नाही, एवढाच त्यांचा गुन्हा.

लाख सोडल्याचा आरोप करणारे एक गोष्ट विसरतात. लाख चढवायची तर लाकूड लेथवर फिरत राहावे लागते. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकवली की घर्षणाने ती वितळून बसते, मग केवड्याच्या पानाने घासून चकाकी आणतात. डबी, लाटणे, भोवरा यांना हे ठीक. कारले लेथवर फिरवणार कसे? केळ्याला बाक असतो, अंगावर धारा असतात. त्याला पटाशी, कानस आणि पॉलिश पेपरच लागतो. स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी, म्हणजे शुद्ध केलेली लाख, हाताने लावता येते, पण तिची चमक चिकूच्या खरखरीत सालीवर खोटी दिसते. म्हणजे हुबेहूब फळ करायचे ठरले, तिथेच रंगाचा निकाल लागला होता.

हुबेहूबपणा तरी कुठे असतो? पायरीला चोच काढावी लागते, हापूसला नाही. देठाजवळचा खड्डा उथळ राहिला तर आंबा लाकडीच दिसतो. पिवळ्यावर तांबूस छटा देताना कडा राहिली की संपलेच; हल्ली ती छटा स्प्रेने मारतात, आणि त्यावरही नाके मुरडणारे आहेतच.

लाकडाचे प्रकरण खरे तर जास्त गंभीर आहे. कुंपणाचा पांगारा हलका, मऊ, पटाशीखाली सहज कापला जाणारा. तो दुर्मीळ होत गेला तसे आंबा आणि इतर लाकूड आले, फळे जड झाली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण धावू लागल्यावर पर्यटक वाढले, आणि प्लास्टिकची फळेही बाजारात आली.

२०२४ मध्ये सावंतवाडीच्या लाकडी कामाला आणि गंजिफांना भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकन गावाचे नाव राखते. पांगाऱ्याची लागवड कोण करणार, हे त्यात येत नाही.