पार्श्वभूमी : नागपंचमीला जिवंत नाग हवाच का?

सापाला देव मानणारे आपण एकटे नाही. इजिप्तच्या फेरोच्या मुकुटावर फणा उभारलेली नागीण असे, मेक्सिकोत पिसांचा सर्पदेव होता, ग्रीकांच्या आरोग्यदेवाच्या देवळात तर बिनविषारी साप मोकळे फिरत. अजिंठ्याच्या 19व्या लेण्याबाहेर नागराज राणीसह बसलाय. सापांचा नायनाट करायला सर्पसत्र मांडणाऱ्या जनमेजय राजाची गोष्ट सगळ्यांना पाठच आहे.

सोलापूरकडची पंचमी साधी. पाटावर गंधाने काढलेला नाग, पिंपळाखालची नागशिळा नाहीतर बांधावरचं वारूळ, आणि लाह्या-दूध. चिरायचं नाही, तवा चढवायचा नाही, म्हणून पुरणाची दिंडं उकडायची. नांगराच्या फाळाखाली नागाची पिल्लं सापडल्याची कहाणी, म्हणून औत बंद. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत होमप्रदीपनाच्या, म्हणजे होम पेटवण्याच्या, संध्याकाळी नंदीध्वजाला (मानाच्या उंच काठीला) नागफणी बांधतात, तिथेही खरा नाग कुणी मागत नाही.

खरा नाग दारात आणला तो गारुड्याने. टोपलीतला नाग दूध प्यायचा, कारण त्याला आधी तहानलेला ठेवलेला असायचा. दात तर बहुधा काढलेलेच. दूध हे काही सापाचं अन्न नव्हे.

वाद पेटला तो सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यावरून. तिथे नाग पकडून पूजा आणि मिरवणूक व्हायची, परंपरा गोरखनाथांनी घालून दिली असं गावकरी सांगतात. 1972च्या वन्यजीव कायद्याच्या आधारे प्रकरण कोर्टात गेलं आणि जिवंत नागाची पूजा थांबली. गाव नाराज, पुढारी दरवर्षी आश्वासनं देणार, निवडणुकीत तर हमखास. 2022च्या दुरुस्तीने नाग थेट पहिल्या अनुसूचीत गेला, म्हणजे संरक्षण आणखी कडक. आणि तरी 2025मध्ये केंद्राने 21 नाग पकडायला परवानगी दिली! कारण काय, तर शिक्षण आणि पारंपरिक ज्ञानाचा प्रसार. मिरवणूक नको, स्पर्धा नको, करमणूक नको, अशा अटी.

कायद्यात शिक्षणासाठी सूट आहे, हे खरं. पण ती नेमकी पंचमीच्याच आठवड्यात लागू पडावी, हा योगायोग कुणाच्या गळी उतरेल? गावाची बाजूही पोकळ नाही. नाग पकडून, सांभाळून, जिथून आणला तिथेच सोडायचा, ही तिथली जुनी शिस्त, आणि शिराळकरांना गारुड्यांच्या रांगेत बसवणं त्यांना लागतं. तरी गर्दी, ढोलताशा आणि हाताळणीने बेजार झालेल्या नागाला ती शिस्त किती कामी येते, हे परवानगी देताना कुणी उघडपणे मांडलेलं दिसत नाही.